बटण धरून ठेवलं की फ्यूज उडतो

प्रश्न : माझ्या दिरांनी मुंबईहून १९८० च्या दशकातलं अमेरिकन पिनबॉल मशीन आणलंय. स्टेप-डाउनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवतो. दिवे लागतात, आकडे दिसतात, बॉल येतो. उजवा फ्लिपर, म्हणजे बॉल उडवणारी दांडी, बटण टिचकीसारखं दाबलं तर चालतो. बटण धरून ठेवलं की जळका वास येतो आणि फ्यूज उडतो. गल्लीतला वायरमन म्हणतो, फ्यूजच्या जागी तांब्याची तार टाकू. टाकू द्यावी का?
– एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : ताई, तार अजिबात नको. फ्यूज उडतोय म्हणून तर फ्लिपर ओढणारी कॉइल बहुधा अजून शाबूत आहे. तार टाकली तर आधी कॉइल जळेल, मग ट्रान्सफॉर्मर; आणि मशीनची पेटी लाकडाची.

निम्मं निदान तुम्हीच लिहून पाठवलंत. त्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची दोन गुंडाळणं असतात. जाड तारेचं झटका देतं, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवतं. फ्लिपर पूर्ण वर गेला की बुडाशी असलेला पत्तीचा स्विच उघडतो, बारीक वाइंडिंग मध्ये येतं आणि करंट उतरतो. तुमचा स्विच उघडत नसणार. शेतावरच्या सिंगल फेज मोटारीचं स्टार्टिंग वाइंडिंग कट झालं नाही तर काय होतं, हे दिरांना विचारा, तसंच हे.

प्लग काढून दहा मिनिटं थांबा, आत कपॅसिटर असतात. मग कॉइलच्या बाहेरच्या दोन टोकांना मीटर लावा. फ्लिपर खाली असताना पाच ओहमच्या आत दाखवेल. हाताने पूर्ण वर उचला, आकडा कितीतरी पट वाढला पाहिजे. डावा फ्लिपर चांगला आहे, आधी त्याचे आकडे घ्या. उजव्याचा आकडा हललाच नाही, तर चोर सापडला. पत्ती हलकेच वाकवून, फ्लिपर वर असताना दीडेक मिलिमीटर फट पडेल असं करा. काळे पडलेले पॉइंट बारीक कानशीने घासा. मात्र ही कानस याच स्विचला. बॉल फिरतो त्या मैदानावरच्या छोट्या स्विचांना सोन्याचा मुलामा असतो, त्यांच्यात कोरं व्हिजिटिंग कार्ड फिरवलं तरी पुरे. फ्यूज पेटीत लिहिलेल्या रेटिंगचा आणि स्लो-ब्लोच (क्षणिक झटका सोसणारा) घ्या.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. बऱ्याच स्वस्त स्टेप-डाउनना दोनच पिनांचं सॉकेट असतं, म्हणजे मशीनची अर्थिंग तिथेच तुटते. तीन पिनांचा घ्या. आणि उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा. पोरं लोखंडी पट्टीला टेकूनच खेळतात.

वाइंडिंगच जळालं असेल तर मोटार भरणाऱ्याकडे न्या. कॉइलच्या कागदावर २३/६०० असं काही असेल, तर २३ गेजच्या (जाडीच्या नंबराच्या) तारेचे ६०० वेढे. हा गेज अमेरिकन आहे. आपल्याकडचा २३ नंबर त्याहून जाड. त्याला मिलिमीटरच सांगा : ०.५७.