जुना नॅस (घरच्या नेटवर्कवरून फाइली देणारा डिस्कचा डबा) नेटवर्कवर दिसत नसेल तर
लगेच फर्मवेअर (यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) पुन्हा टाकू नका. दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो, आणि ते टाकताना, म्हणजे फ्लॅश करताना, वीज गेली तर चालतं यंत्र हातचं जातं.

आधी केबल बदला, पोर्टचा दिवा लागतोय का पाहा. मग राउटरच्या डीएचसीपी यादीत (राउटरने कोणत्या यंत्राला कोणता आयपी पत्ता दिला त्याची यादी) नॅसचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डचा कायमचा क्रमांक, शोधा. फर्मवेअर बदलल्यावर आयपी बदललेला असू शकतो, आणि आपण जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो.

पिंग लागतं, म्हणजे नॅस हाकेला उत्तर देतो, पण त्यावरचा शेअर (सामायिक फोल्डर) उघडत नाही? मग संशय सांबावर, म्हणजे नॅसमधल्या फाइली विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, घ्या. फार जुन्या सांबाला फाइल देवाणघेवाणीचं फक्त जुनं एसएमबी १ प्रोटोकॉल येतं, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये ते सहसा नसतंच. विंडोजमध्ये ते चालू करा असं पुष्कळ जण सांगतील. कृपया ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. सांबाचं नवं पॅकेज मिळालं तर टाका, नाहीतर एसएफटीपी (फाइली पाठवायची दुसरी, सुरक्षित पद्धत) वापरा.

छोटं पिंग जातं पण मोठी फाइल अडकते, तेव्हा एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची कमाल लांबी, बाइटमध्ये) ९००० वरून १५०० वर आणा. पॅकेज उतरत नसतील तर घड्याळ बघा: तारीख १९७० ची असेल तर एचटीटीपीएसची (सुरक्षित वेब जोडणीची) प्रमाणपत्रं नाकारली जातात.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते लिहून ठेवा.