डकटेलला भुलू नकोस

जुन्या, दुर्मीळ गाड्या घेण्यात नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो, ‘फक्त इतक्याच बनल्या’ या वाक्यावर पाघळू नकोस. गिऱ्हाइकच नव्हतं म्हणूनही गाड्या कमी बनतात. फेरारी २५० जीटीओ ३६ बनल्या हे खरं, पण २०१८ च्या मॉन्टेरे लिलावात एकीचे ४ कोटी ८४ लाख डॉलर आले, त्यात तिने १९६२ मध्ये जिंकलेल्या इटालियन जीटी अजिंक्यपदाचाही वाटा होता.

असो, ती आपल्या खिशाबाहेरची. तू पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ चा अभ्यास कर. शर्यतीच्या नियमासाठी ५०० पुरे होत्या, मागणी इतकी आली की दीड हजारावर गेल्या. त्यातल्या २०० हलक्या ‘लाइटवेट’. जास्त सोयींच्या ‘टूरिंग’पेक्षा त्यांचा भाव बराच वर.

आता गोम इथे आहे. साध्या ९११ ला मागे डकटेल, म्हणजे बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला भाग, दारावर ‘कॅरेरा’ची पट्टी लावली की लांबून फरक कळत नाही. म्हणून रंग नंतर बघ, आधी टॉर्च घेऊन वाक. १९७३ च्या खऱ्या आरएसचा चॅसी नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला नंबर, ९११३६० ने सुरू होतो, इंजिनचा टाइप ९११/८३. आकडे घासलेले, नव्याने ठोकलेले वाटले तर चहा पिऊन घरी ये.

मग कागद. जुनी बिलं, मालकांची साखळी, शर्यतीतले फोटो. मधली दहा वर्षं गायब असतील तर मालकाच्या गोड गोष्टींचे पैसे देऊ नकोस. नव्याकोऱ्या रंगापेक्षा मला तर जुना, थोडा उडालेला मूळ रंगच आवडतो.