दाबायच्या आधीच पट्टी!

प्रश्न : सर, मोंढ्यात आमची आडत आहे. सोयाबीनच्या पट्टीसाठी (हिशेबाच्या पावतीसाठी) पायथॉनच्या टीकिंटरमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत, बटण केलं. प्रोग्राम उघडताच पट्टी छापते, नंतर बटण दाबलं तर काहीच नाही. – एक वाचक, लातूर

उत्तर : बटण दाबल्यावर काय चालवायचं ते 'कमांड'पुढे लिहितात; तिथे तुम्ही फंक्शनच्या (पट्टी छापणाऱ्या कोडच्या) नावाला कंस लावलेत. त्यामुळे बटण तयार होतानाच फंक्शन चालतं आणि बटणाच्या हाती नुसतं 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) उरतं. हमालाला निरोप द्यायचा, तर तुम्ही स्वतःच कट्टा उचलून मोकळे! कंस काढा, नुसतं नाव ठेवा. वजनाचा आकडा सोबत द्यायचाय? मग लॅम्ब्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, वापरा; ते दाबल्यावरच चालतं. (याच कंसापायी मीही कागदाचं अख्खं बंडल घालवलंय.) पट्टी निघाली की बटण 'डिसेबल्ड' (बंद) करा, नवं वजन टाकल्यावरच 'नॉर्मल' (चालू). घाईत दोनदा दाबणारा मुनीम प्रत्येक आडतीवर असतोच.