घोटा मुरगळल्यावर क्रेप बँडेज बांधावं की टेप लावावी?

तुम्ही लिहिलंय की पाऊल आत वळून घोटा मुरगळला, त्याला तीन-चार दिवस झाले, सूज अजून आहे. मित्र टेप लाव म्हणतात, घरचे क्रेप बँडेज बांध म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या मते आत्ता बँडेजच. टेपची वेळ अजून आलेली नाही.

त्याआधी एक बघा. पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढा.

बँडेजचं काम सूज आवरण्याचं. सांधा धरून ठेवणं त्याला जमत नाही, कारण ते ताणलं जातं. बांधताना पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा, बोटांच्या मुळापासून सुरुवात करा आणि घोट्याभोवती इंग्रजी 8 च्या आकारात फिरवा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. वर जाताना ताण जरा कमी करत न्या. बरेच जण टाच उघडी सोडतात आणि मग सूज नेमकी तिथेच जमते. बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सोडा. रात्री झोपताना काढून ठेवा.

टेप म्हणजे झिंक ऑक्साइडची, न ताणली जाणारी चिकटपट्टी. ती आतल्या बाजूने टाचेखालून घेऊन बाहेरच्या बाजूला वर ओढून लावतात. पाऊल आत वळू लागलं की ती अडवते. पाऊल आत वळून मुरगळतं तेव्हा बहुधा बाहेरच्या घोट्याच्या पुढचं लिगामेंट (हाडांना हाडाशी बांधून ठेवणारा पट्टा) दुखावतं, त्याला हाच आधार हवा असतो. पण सूज वाढती असताना ती लावली तर काचते आणि सूज उतरली की ढिली पडते. त्वचेला पुरळ, फोड येण्याचा त्रासही बँडेजपेक्षा टेपनेच जास्त होतो. आणि खेळायला लागलं की अर्ध्या तासात तिची पकड बरीच सैल होते. रंगीत, ताणली जाणारी टेप मिळते, तिच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

दुखापत जबर असेल तर हे दोन्ही पर्याय अपुरे आहेत. ब्रिटनमध्ये घोटा जबर मुरगळलेल्या 584 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात नळीसारखं लवचिक बँडेज घातलेल्यांपेक्षा गुडघ्याखाली 10 दिवस प्लास्टर घातलेले रुग्ण तीन महिन्यांनी बरेच सुधारलेले होते. नऊ महिन्यांनी मात्र फरक उरला नाही. मध्यम दुखापतीला मी दोन्ही बाजूंनी कडक पट्ट्या असलेला घोट्याचा ब्रेस सुचवते. तो स्वतःला घालता-काढता येतो आणि त्वचाही सोलत नाही.

सूज उतरली की भिंतीजवळ त्या एका पायावर उभं राहायचा सराव सुरू करा, आधी डोळे उघडे ठेवून, जमू लागलं की मिटून. घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून हा तोल सांभाळण्याचा व्यायाम फार महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच लोक सोडून देतात. तो जमला, मैदानावर परतायची वेळ आली, की मग टेप. पहिल्यांदा मात्र जाणकाराकडून लावून घ्या.