नव्या फिटरसाठी: हात आणि समाधान
कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर कानस (धातू घासायचे हत्यार) चालवून माणूस आनंदी राहू शकतो का, असे तुम्ही विचारलेत. राहतो, परंतु पहिले काही महिने हात ऐकत नाही आणि त्याच काळात काम सोडून देणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक असते. आव्हान आणि कौशल्य तुल्यबळ असले की माणूस कामात तल्लीन होतो, हे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी 1975 साली मांडले. म्हणून आधी एक साधा चौकोनी तुकडाच गुण्यात आणा, म्हणजे गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावल्यावर त्याच्या कडा नेमक्या काटकोनात भरतील असा घासा.

- व्हाइसचा (तुकडा घट्ट धरणाऱ्या पकडीचा) जबडा कोपराच्या उंचीवर असू द्या.
- दाब कानस पुढे जातानाच द्या. खांद्याच्या जोराने घाई केल्यास कड गोल होते आणि पाठही धरते.

गुण्याखालची उजेडाची रेघ नाहीशी होईल, त्या संध्याकाळी लोकलची गर्दीही हलकी वाटेल. मापांचे बारकावे नंतर पाहू.