चंद्राभोवती उपग्रह नेमका कुठून फिरवायचा?

प्रश्न : सर, मी मालवणचा, पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतो. चंद्रावर हवा नाही म्हणजे अडवणारं काही नाही, मग उपग्रह 10-15 किमीवरून फिरवला तर फोटो झकास येतील की, चांद्रयान 100 किमीवर कशाला ठेवलं? आणि आपल्या घरच्या डिशला लागतो तसा एका जागी थांबलेला उपग्रह तिथे चालेल का?

उत्तर : दादा, हवेचं बरोबर बोललात, पण घोळ खालून आहे. सिंधुदुर्गाकडे होडी नेताना पाणी वरून सपाटच दिसतं ना, पण खडप कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असतं म्हणून तुम्ही वाट वाकडी करता. चंद्राचं तसंच. पौर्णिमेला जे काळे डाग दिसतात त्यातल्या बऱ्याच डागांखाली जास्त जड खडक आहे, त्याला मॅस्कॉन म्हणतात, आणि ते 1968 मध्ये सापडले तेसुद्धा फिरणाऱ्या यानाचा वेग मधेच किंचित कमी-जास्त होतोय हे रेडिओवरून पकडून. खालून जाणाऱ्या उपग्रहाला दर फेरीत ही ओढ लागते, कक्षा लांबट होत जाते आणि एक दिवस तिचं जवळचं टोक जमिनीलाच टेकतं.

अमेरिकेच्या अपोलो 16 या चांद्रमोहिमेवाल्यांनी एप्रिल 1972 मध्ये साधारण 100 किमीवर एक छोटा उपग्रह सोडला, तो 35 दिवसांत आपटला! अपोलो 15 चा तसलाच उपग्रह मात्र वर्षभराहून जास्त माहिती पाठवत राहिला. नशीब म्हणा, त्याची कक्षा चंद्राच्या विषुववृत्ताला 28 अंशांनी कललेली होती, अपोलो 16 वाल्याची फक्त 11. आता हिशोब करून कळलंय की 27, 50, 76 आणि 86 अंशांच्या आसपास या ओढी एकमेकींना बऱ्यापैकी सांभाळून घेतात, याला फ्रोझन ऑर्बिट म्हणतात. पण अख्ख्या चंद्राचा नकाशा हवा तर ध्रुवांवरूनच, म्हणजे 90 अंशांच्या कक्षेतून जायला लागतं आणि ती या यादीत नाही, म्हणून चांद्रयान-2 चा ऑर्बिटर 100 किमीवर, आणि तिथेही अधूनमधून इंधन जाळून कक्षा नीट करत बसावं लागतं. चंद्राचा नकाशा काढणारं अमेरिकेचं एलआरओ यान आधी 50 किमीवर होतं, नंतर इंधन वाचवायला त्याची कक्षा लांबट केली, दक्षिण ध्रुवावर जवळ आणि उत्तरेला लांब.

डिशवाला उपग्रह मात्र विसरा. चंद्र स्वतःभोवती फिरायला 27.3 दिवस घेतो, त्याच्या जोडीने फिरायचं तर उपग्रह जवळजवळ 88,000 किमीवर हवा आणि 60,000 च्या पुढे पृथ्वीच त्याला ओढून नेते. चंद्राच्या पलीकडच्या, पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूशी बोलायला चीनने 2018 मध्ये छ्वेछ्याओ नावाचा संदेश पोचवणारा उपग्रह पाठवला तोसुद्धा चंद्राभोवती नाही, चंद्रामागे 65,000 किमीवर एल-2 बिंदूभोवती (जिथे पृथ्वी आणि चंद्र दोघांच्या ओढीचा मेळ बसून यान थोड्या इंधनात चंद्राच्या जोडीने राहू शकतं) घिरट्या घालत ठेवलाय.