हसून सांगितलेलं दुखणं

चि. …,

अनेक आशीर्वाद.

पाळीतल्या दुखण्याबद्दलचं तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि एका ओळीपाशी थांबले. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली, काही नाहीये, असं डॉक्टर म्हणाल्या. मी थँक यू म्हणून बाहेर आले आणि मग जिन्यात वीस मिनिटं बसून राहिले, कारण उभं राहवत नव्हतं.’ जिन्यात बसलेली तू त्या डॉक्टरांना दिसलीच नाहीस गं. त्यांनी पाहिली ती थँक यू म्हणणारी. हे पत्र लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

तुला माहीत आहे, मी 31 वर्षं स्त्रीरोग विभागात नर्स होते. त्यातली बरीच वर्षं ओपीडीत गेली. पलीकडे डॉक्टर, अलीकडे बाई, आणि बाजूला केसपेपर घेऊन मी. या काळात किती बायकांना दुखणं सांगताना ऐकलं याचा हिशेब नाही. त्यातल्या बहुतेक जणी दुखणं घरूनच लहान करून आणायच्या. ‘थोडं दुखतं.’ ‘तसं सहन होतं म्हणा.’ ‘सगळ्यांनाच होतं, पण म्हटलं एकदा दाखवावं.’ वर एक हसू, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मग केसपेपरवर काय उतरणार? ‘पाळीत थोडं दुखतं.’

एक गोष्ट मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीला साधारण तुझ्याच वयाची एक मुलगी दर दीड-दोन महिन्यांनी यायची. दर वेळी तेच, ओटीपोटात कळा, कंबर धरलेली, शौचाला जाताना जीव नकोसा. तपासणीत काही सापडायचं नाही. एकदा कामाच्या गर्दीत मी तिच्या केसपेपरवर लिहिलं, ‘घाबरट स्वभाव’. पुढे काही वर्षांनी तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तेव्हा गर्भपिशवीच्या मागे आतडं चिकटलेलं निघालं. मधल्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो केसपेपर उघडला, त्यांनी तिला तपासण्याआधी माझे ते दोन शब्द वाचले. ती आजही आठवली की मला झोप लागत नाही.

म्हणून तुला सांगते, तुझ्याबद्दल कागदावर काय लिहिलं जातंय याकडे लक्ष ठेव. आणि तिथे काय जावं हे शक्य तितकं तूच ठरव.

सुरुवात पहिल्या वाक्यापासून. आत गेल्यावर पहिल्या मिनिटात जे बोलशील, त्यावर पुढची सगळी भेट उभी राहते. ‘पाळीत खूप दुखतं’ हे वाक्य डॉक्टर दिवसातून अनेकदा ऐकतात. ‘गेल्या सहा महिन्यांत पाळीमुळे मी अकरा दिवस कामावर जाऊ शकले नाही, आणि दोनदा कळेनं उलटी झाली’ हे वाक्य ऐकून पेन थांबतं. मी ते थांबताना पाहिलं आहे. शून्य ते दहामध्ये किती दुखतं असं विचारतील, तेव्हा आकडा सांग, पण त्याला दुखण्यानं काय बंद पाडलं त्याची जोड दे. झोपेतून उठवतं का? जिना चढता येतो का? गोळी घेतल्यावर किती तासांनी उभी राहू शकतेस? ‘आठ’ हा आकडा प्रत्येकीचा वेगळा असतो. ‘रात्री तीन वाजता बाथरूमच्या फरशीवर पडून होते’ यात दोन अर्थ निघत नाहीत.

त्यासाठी दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेव. वही नको असेल तर फोनवर, पण त्याच दिवशी, कारण दुखणं ओसरलं की आपणच त्याला माफ करून टाकतो. कोणत्या दिवशी, कुठे, किती वेळ, कोणती गोळी किती घेतली, काय करता आलं नाही. अंगावरून किती जातं तेही लिही. लागोपाठ काही तास दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त चालणं याला जास्त रक्तस्राव म्हणतात, आणि अशा वेळी हिमोग्लोबिनही तपासायला हवं. पाळी नसतानाही दुखत असेल तर ते वेगळं मांड. डॉक्टरांच्या हातात वीस पानं देऊ नकोस. एका कागदावर दहा-बारा ओळी पुरतात. त्याची एक प्रत फाइलला लावायला सांग.

आता ज्या गोष्टी बोलायला जीभ अडते त्या. संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं का, शौचाला किंवा लघवीला दुखतं का, आणि ते पाळीच्या दिवसांत वाढतं का? बायका हे अगदी शेवटी, दार उघडून बाहेर पडताना सांगतात. काही सांगतच नाहीत. पण निदानाची किल्ली बऱ्याचदा इथेच असते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात, बीजकोषावर, मूत्राशयावर, आतड्यावर. कधी थेट छातीखालच्या पडद्यावरही, आणि मग पाळी आली की खांदा दुखतो! खांद्याचं दुखणं स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगावं हे कुणाला सुचणार? म्हणून सांगते, पाळीशी त्याचं काही नातं नाही असं तुला वाटलं तरी पाळीबरोबर येणारं आणि जाणारं प्रत्येक दुखणं सांग. आणि संबंधांच्या सुरुवातीलाच, बाहेरच्या भागात आग होत असेल तर तसं नेमकं सांग, त्याची कारणं वेगळी असतात. ही वाक्यं घरी दोनदा मोठ्यानं म्हणून बघ. तोंडाला सवय लागते.

तुझ्या नॉर्मल सोनोग्राफीबद्दल. सोनोग्राफीत फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या गाठी दिसतात, बीजकोषातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे जुनं रक्त साठून झालेली गाठ दिसते, अनुभवी डोळ्यांना आणखीही बरंच दिसतं. पण पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर पसरलेले एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना 2017 पासून स्पष्ट सांगतात की तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आली एवढ्यावरून एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरवू नये. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 साली आणखी एक पाऊल टाकलं. दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदानच नाही ही जुनी अट त्यांनी काढली, आणि लक्षणांवरून औषध सुरू करून बघायला मोकळीक दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात 19 कोटींना, हा आजार आहे. निदानाला कित्येक वर्षं लागतात, आणि ती वर्षं बऱ्याच अंशी ‘एवढं तर दुखतंच’ या वाक्यात जातात. तुला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. पिशवीच्या स्नायूतच अस्तर शिरल्यामुळे, म्हणजे अडेनोमायोसिसमुळे, जुन्या संसर्गामुळे, ओटीपोटाचे स्नायू सतत आखडलेले राहिल्यामुळेही दुखतं. मुद्दा इतकाच की ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘या यंत्राला या दिवशी काही दिसलं नाही’.

म्हणून पुढच्या वेळी ‘काही नाही’ ऐकलंस की उठू नकोस. शांतपणे विचार, ‘या तपासणीत कोणते आजार दिसू शकतात आणि कोणते सुटू शकतात? माझ्या दुखण्याचं कारण तुम्हाला काय वाटतं? या औषधानं तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पुढे काय करायचं?’ हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस. एखादी तपासणी तू मागितलीस आणि गरज नाही असं म्हणाले, तर ‘का नको, तेवढं केसपेपरवर लिहून द्याल का?’ असं म्हण. भांडण म्हणून नाही. लिहावं लागलं की माणूस पुन्हा एकदा विचार करतो, हे मी पेन हातात धरणारी म्हणून सांगते.

‘मूल झालं की आपोआप जाईल’ असं कुणी म्हटलं तर तो उपचार समजू नकोस. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना आराम पडतो, पण आजार बरा होत नाही. मूल हवं का, कधी हवं, हा तुझा वेगळा प्रश्न आहे. पुढे हवं असेल तर मात्र तेही सांग, त्यावरून औषधं आणि ऑपरेशनचा निर्णय बदलतो.

आणि ‘टेन्शन घेतेस म्हणून दुखतं’? हे वाक्य फार जुनं आहे. हिस्टेरिया हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला, इतकं जुनं. तरी याचं उत्तर रागानं देऊ नकोस. दीर्घ काळ दुखत राहिलं की मेंदू आणि मज्जातंतू जास्त संवेदनशील होतात, चिंता वाढली की दुखणं वाढतं, हे खरं आहे. त्यासाठी समुपदेशक किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं तर जरूर जा, त्याचा फायदा होतो. फक्त इतकं म्हण, ‘मी जाईन, पण शारीरिक कारणाचा शोधही सुरू ठेवूया.’ वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यासोबत लिहिलं की माणूस आपल्या अनुभवाला वेदना म्हणतो तेव्हा त्याचा मान राखायला हवा. म्हणजे दुखतंय हे सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर नाही. का दुखतंय हे शोधायचं काम मात्र दोघांनी मिळून करायचं.

सगळे डॉक्टर वाईट असतात असं मनात धरू नकोस. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यातले बरेच मनापासून बरे होते. थकलेले असत, दारात रांग असे, आणि समोरची हसून ‘थोडं दुखतं’ म्हणत असे. पण केवळ गैरसमज म्हणूनही सोडून देता येत नाही. अमेरिकेत तातडीच्या विभागात पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णांचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. दुखण्याचे आकडे सारखेच होते, तरी वेदनाशामक मिळायला पुरुषांना साधारण 49 मिनिटं लागली आणि स्त्रियांना 65. ‘दुखणं हसून सांगू नकोस’ असं मी तुला म्हणते खरी, पण त्या सोळा मिनिटांचा दोष रुग्णाच्या हसण्यावर टाकता येणार नाही.

आतून तपासणी करायची असेल तेव्हा आधीच सांग, ‘मला दुखतं, हळू करा, थांबा म्हटलं की थांबा.’ तो तुझा हक्क आहे. कुणी सोबत हवं असेल तर तसं सांग. तांबी बसवणं किंवा पिशवीच्या अस्तराचा नमुना घेणं अशा वेळी बधिर करण्याचं औषध मिळेल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचार. टेबलावर झोपल्यावर विचारायला उशीर होतो. पूर्वी आम्ही ‘एक चिमटा बसेल’ म्हणायचो. कित्येक बायकांसाठी तो चिमटा नसे, आणि आम्हाला ते दिसत असे.

गोळ्यांचं थोडक्यात. पाळीत पिशवीतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी पिशवी आवळते आणि कळ येते. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं ही द्रव्यं तयार होणंच रोखतात. म्हणून कळ शिगेला पोचण्याची वाट न बघता सुरुवातीलाच घेतली तर लागू पडतात. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. नीट घेऊनही फरक पडत नसेल तर तीही नोंद आहे, लिही.

एका बाबतीत नोंदी वगैरे काही करत बसायचं नाही. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या, दिवस गेल्याची शक्यता असताना पोटदुखी, चक्कर किंवा रक्तस्राव, दुखण्यासोबत ताप आणि घाण वासाचा स्राव. बीजकोषाला पीळ बसलेला असू शकतो, गर्भ नळीत असू शकतो, संसर्ग पसरत असू शकतो. त्याच तासाला तातडीच्या विभागात जायचं, रात्र असली तरी.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं की नाही असं तू विचारलं आहेस. घे. आधीच्यांचा अपमान होतो असं वाटून घेऊ नकोस. सगळे रिपोर्ट, औषधांची नावं आणि तुझा तो कागद घेऊन जा, आणि विचार की एंडोमेट्रिओसिसचे रुग्ण त्या नियमित बघतात का. मैत्रिणीला सोबत ने. तिनं तुझ्या वतीनं बोलायचं नाही, फक्त तू ‘थोडं’ म्हणालीस की तुला कोपर मारायचं.

तारीख मिळाली की कळव. त्याआधी ते पहिलं वाक्य लिहून मला पाठव. ‘थोडं’, ‘तसं’, ‘म्हणा’ यातलं काही सापडलं तर खोडून परत पाठवीन, आणि जिन्यातली ती वीस मिनिटं त्यात नसतील तर स्वतःच्या हातानं घालीन.

तुझी,
मावशी